बनीचे अकरा गुंडे

अमरावती,
कार्तिक वद्य अष्टमी, शके १७८६

तीर्थरूप आत्याबाईंच्या पायांवर वच्छलेने डोके ठेविले आहे. पण डोक्यात राग आहे, आणि तो झाकून पत्र लिहिणे मला साधत नाही. समोर असते तर खाली मान घालून गप्प बसले असते, हे आपण जाणताच. कागद माझ्याकडे डोळे रोखून पाहत नाही, म्हणून त्याच्याशी बोलते.

नत्थुजी गाडीवानाबरोबर आपण पाठविलेले सूत पोचले. ते आपले नाही. पीळ आपला आहे. आपल्या हातचा पीळ मी डोळे मिटून ओळखीन. कापूस मात्र आपला नाही. आपल्या शेताच्या तुकड्यातल्या बनी कापसाचा धागा लांब आणि मऊ. बोटावर घेतला तर तेथे आहे की नाही असे वाटावे. हा जरी जातीच्या कापसाचा धागा आखूड, खरखरीत. बाबांच्या मोज्याची टाच वळवीत होते. उलट टाका घेतला, धागा तुटला. गाठ मारली, पुन्हा तुटला. टाचेवर तीन गाठी झाल्या. टाचेवर गाठ म्हणजे चालणाऱ्याला शिक्षा, हे आपणच मला शिकविले ना?

समुद्रापलीकडे कोठे लढाई जुंपली आहे म्हणून आमच्या कापसाला सोन्याचे मोल आले, असे बाबा सांगतात. येथे लोक गाद्या उसवून जुना कापूस बाजारात नेत आहेत. शेजारच्या मैनाबाईंनी बाळंतिणीच्या अंगावरची दुलई फोडली, आणि नातू गोणपाटात निजविला. आपणही त्याच वेडात सापडलात काय?

आपल्या जुन्या सुताचे अकरा गुंडे माझ्या पेटीत आहेत. ते विणून संपविण्याचा मला धीर होत नाही. सरकीची पुरचुंडी मधे घालून तिच्यावर सूत गुंडाळायची आपली रीत. गुंडा खाटेखाली घरंगळला तर कानाने सापडावा म्हणून. पेटी हलविली की ते खुळखुळतात आणि आपण घरात आहात असे वाटते.

एक मागणे आहे. येत्या मृगाला नांदगाव खंडेश्वरच्या आमच्या शेतात बनी पेरावी, असे मी बाबांच्या गळी उतरविले आहे. पण निवळ बनीची सरकी कोणाकडेच उरलेली नाही. सारा मुलूख जरीने भरला. आपल्या कणगीतली सरकी आमच्यासाठी राखून ठेवावी. बैलांना दुसरे काहीही घालावे, ती घालू नये.

आपले पुतणे वामनरावदादा यांनी हे पत्र आपणांस वाचून दाखविताना एकही शब्द गाळू नये, ही विनंती.

आपली रागावलेली,
वच्छला

---

अकोला,
मार्गशीर्ष शुद्ध एकादशी

चिरंजीव वच्छलेस आशीर्वाद. पार्बताबाई काकूंच्या सांगण्यावरून वामनराव लिहितो. येथे सर्व कुशल आहे. काकूंच्या प्रकृतीस आराम आहे. नजर मंद झाल्याने विणकाम व सूतकताई त्यांनी स्वखुशीने सोडली आहे. शेताच्या तुकड्यात पुढील साली जरीच पेरावी असे त्यांनी ठरविले. जरी लवकर हाती येते व वजनास भारी भरते. बनीची सरकी बैलांस घातली. काकूंस त्याचा खेद नाही.

सोबत मोज्यांचा एक जोड पाठविला आहे. तो अखेरचा समजावा. यापुढे असल्या क्षुल्लक गोष्टींविषयी पत्रे लिहून वृद्ध माणसास त्रास देऊ नये, असे काकूंचे सांगणे आहे.

कळावे. वामनराव

---

अमरावती,
पौष शुद्ध तृतीया

आत्याबाई,

मायना लिहीत नाही. लिहावयास बसले आणि हात थांबला.

सरकी बैलांना घातली? खेद नाही? मी दुसरे काही मागितले नव्हते. माझे यजमान इंग्रजी शिकावयास नागपुरास आहेत. ते परतेपर्यंत माहेरी आहे, तोवर हे एक काम माझ्या हातून व्हावे असे वाटत होते. पुस्तकांतून मला पुष्कळ कळते, पण हातांना जे कळते ते केवळ आपल्यामुळे. ती गोष्ट क्षुल्लक ठरली!

आपण पाठविलेला जोड पायात जात नाही. मूठ वळून हात घालून पाहिला, तोही मनगटाशी अडला. टाके इतके आवळलेले आहेत की मोजा एकटाच उभा राहतो. नजर मंद झाली म्हणता. हे नजरेचे काम दिसत नाही. माझ्यावरच्या रागाने विणले असतील. माझा काय अपराध, तो तरी सांगावा.

आपण विणकाम सोडले, तर मला विणावयास दिलेले आपले साळिंदराचे पाच काटे मी कोणत्या तोंडाने ठेवावे? नत्थुजीबरोबर परत पाठवीत आहे. पाचही आहेत, मोजून घ्यावे.

वच्छला

---

अकोला,
माघ शुद्ध सप्तमी

वच्छे,

हे पत्र वामन्यानं लिवलं नाही. तो खामगावच्या बाजारात गेला हाये. मारुतीच्या देवळात पोथी सांगनारे सहदेवबुवा लिवून राहिले. म्या त्यायले म्हटलं, बुवा, जसं म्हनून राहिली तसंच लिवा, त्याले सोवळं नेसवू नका.

तुह्या अंगात एवढा माज कवा आला वो?

कार्तिकात तुहं पत्र आलं. वामन्यानं वाचलं, म्या मह्या कानानं ऐकलं. तू लिवलं म्हने, आत्याबाईचं सूत आता म्हातारं झालं. मले विलायती सुताची पेटी भेटली, बनीची सरकी कोनाले पायजे, बैलाले घाला. असं लिवतेत काय? मंग मले राग नाही येईन? कनगी उघडली, सारी सरकी मह्या हातानं काढली, भिजोवली अन् बैलायपुढं ठेवली. बैलायनं चवीनं खाल्ली, बाप्पा. एक दाना ठेवला नाही. तवापासून मी त्या बैलायच्या तोंडाकडं पाहत नाही.

त्याच रागात तुहे मोजे विनले. घट्ट झाले असतीन. होऊ दे. राग सैल विनता येते काय?

अन् सूत जरीचं होतं हे मले शिकवतं? डोळे गेले, बोटं गेली नाही मही. कातायचे पेळू वामन्यानं आनून देल्ले. मही बनी कुठी गेली इचारलं, त म्हने मुंबईच्या शेठले वानगी दाखवाले नेली.

आता काटे वापस धाडले. वामन्या वाचते, सासरच्यायले हे खेळ आवडत नाही म्हनून. तोंडानं सांगाचं होतं! हे काटे म्या कसे कमावले, तुले माहीत नाही? लोहमार्गाच्या बंगल्यावर भाजी घेऊन जात होती. मडम ओसरीवर सुया घेऊन बसे. मी वांगे मोजता मोजता तिचे हात पाहत होती, सहा मयने. तिच्या सुया लोखंडाच्या. म्या साळूचे काटे आनले, जवसाचं तेल चोळू चोळू काचेवानी केले. पयला मोजा असा झाला का कोनाच्याच पायात जायेना. शेवटी वासराच्या तोंडाले मुसकं केलं. तूच हासली होती ना पोट धरू धरू? ते वासरू म्हातारं झालं, अन् तू मोठी सायबीन झाली!

मही आशा सोड. पार्बताबाई.

(वरील शब्द बाईंनी सांगितले तसेच उतरविले आहेत. मी दोन ठिकाणी सौम्य करू पाहिले. त्यांनी परत वाचावयास लावून ते खोडविले. मला दोष नसावा. – सहदेव)

---

अमरावती,
माघ वद्य द्वितीया

सहदेवबुवांस नमस्कार. हे पत्र आपणच वाचावे, देवळात चार बायका बसल्या असतील तेव्हा वाचावे, आणि मोठ्याने वाचावे. सौम्य मुळीच करू नये.

आत्याबाई, मी विलायती सूत जन्मात पाहिलेले नाही. आपले सूत म्हातारे झाले, असे मी लिहिले नाही. सरकी बैलांना घाला, असे लिहिले नाही. ती राखून ठेवा, बैलांना दुसरे काहीही घाला, असे लिहिले होते. सासरचे नावही काढले नव्हते. काटे परत केले ते आपण विणकाम सोडल्याचे कळले म्हणून. ते आपण सोडलेले नाही, हे मला काल समजले.

आपले शब्द माझ्यापर्यंत येताना बदलले, माझे आपल्यापर्यंत जाताना बदलले. मधे एकच माणूस बसला होता. आपला तुकडा एकदा जरीखाली आला की गावाचा सारा शिवार एकाच वाणाचा होतो. मुंबईच्या शेठला तसाच माल हवा आहे, आणि तो पुरविण्याचा शब्द वामनरावांनी दिला आहे, असे नत्थुजी सांगतो. त्यासाठी आपली सरकी आपल्याच हातांनी बैलांपुढे ठेवविली! चोराने घर फोडले तर निदान भिंतीला भोक दिसते.

पण निम्मा राग मी माझ्यावर ठेवते. आपणांस अक्षर येत नाही, मला येते. 'प्रकृतीस आराम आहे' असे आत्याबाई कधी बोलल्या आहेत काय? ते वाक्य वाचताक्षणी मला कळावयास हवे होते. मोजे खरे सांगत होते, आणि मी कागदावर विश्वास ठेविला.

आता एवढेच सांगावे: कणगीच्या तळाशी, फडक्यात, कोनाड्यात, कोठे मूठभर बनी उरली आहे काय? येथे बाजारात मी बाबांबरोबर स्वतः गेले, तोंड उघडून विचारले. सगळीकडे भेसळ आहे.

आपली,
वच्छला

---

अमरावती,
माघ वद्य चतुर्थी

राजमान्य राजेश्री वामनराव यांस,

आपण माझी पत्रे वाचून दाखविण्याची तसदी घेत होता, त्याबद्दल आभार मानणे राहून गेले होते. जे मी लिहिले नाही तेही आपण वाचले, म्हणून ते दुप्पट मानावे.

एका बाईला अक्षर येत नाही, एवढ्यावर आपण तिचे शेत, तिचे सूत आणि तिची भाची अशी तिन्ही तिच्याकडून काढून घेऊ पाहिली. मी वडीलधाऱ्यांना उलट उत्तर कधी दिलेले नाही. आज देते: हे नीचपणाचे काम आहे. काकूंची वानगी म्हणून नेलेली बनी परत आणून द्यावी.

वच्छला

---

अकोला,
फाल्गुन शुद्ध पंचमी

चि. वच्छलेस,

मुलींना शाळेत घातल्याचे फळ तुझ्या पत्रात दिसले. वानगी केव्हाच गठाणीत दाबून मुंबईस गेली. आता विलायतेत जाऊन माग. केले ते काकूंच्या हितासाठीच केले. दोन बायकांनी दोन काड्यांवर मोजे विणावे म्हणून साऱ्या मुलखाने हलके पीक घ्यावयाचे काय?

बनी बनी म्हणून जो आक्रोश चालविला आहेस, त्यास एकच उत्तर. बनीची एक सरकीदेखील आता या शिवारात राहिलेली नाही. असल्यास शोधून दाखवावी.

वामनराव

---

अमरावती,
फाल्गुन वद्य प्रतिपदा

तीर्थरूप आत्याबाई,

हे पत्र बुवांनी देवळात वाचू नये, घरी येऊन हळू वाचावे.

काल वामनरावांचे उत्तर आले. ते मी दोनदा वाचले, आणि मग जे केले ते सांगावयास लाज वाटते. पेटी उघडून हाताला लागला तो गुंडा उचलला आणि भिंतीवर फेकून मारला. बाबा ओसरीवरून ओरडले, "वच्छला, काय पडलं?"  गुंडा घरंगळत उखळामागे गेला. मी डोळे पुसत बसले होते. कोठे गेला ते पाहिले नाही, ऐकले मात्र.

खुळखुळ. खुळखुळ.

आत्याबाई, तो आवाज मी पाच वर्षे ऐकत आहे. तो कशाचा, हे मीच आपणांस कार्तिकात लिहिले होते. आणि तरीही अमरावतीचा सारा बाजार पालथा घातला, आपली कणगी झाडावयास सांगितली, पण माझी पेटी मला आठवली नाही. सूत विणावयाचे असते आणि सरकी पेरावयाची असते. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात दोन वेगळ्या फडताळांत ठेवलेल्या होत्या.

मी तो गुंडा उकलला.  आत आपल्या जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाची पुरचुंडी, आणि तिच्यात बावीस सरक्या. बावीसही बनीच्या. बाबांनी नखाने एक फोडली. आत गर पांढरा आहे, म्हणजे बी जिवंत आहे.

आणखी दहा गुंडे शिल्लक आहेत. आपण सांगाल तसे करीन.

वच्छला

---

अकोला,
चैत्र शुद्ध द्वितीया, शके १७८७

वच्छे, माय मही,

बुवांनी घरी येऊन वाचलं. मी हासली, मंग रडली, मंग बैलायकडं पाहिलं. माफ केलं त्यायले.

आता घाई करू नको. सारे गुंडे उकलू नको. नऊ उकल, दोन तसेच ठेव; एखांद्या साली पानी दगा देईन त मांगं काही पायजे. सूत उकललं का मोकळ्या हातावर गुंडाळू नको, गुतते. सरकी शेनकाल्यात चोळ, राख लाव, मंग मातीत टोब. नांदगावच्या वावरात पेरू नको, तिथं चारी आंगानं जरी हाये, भेसळ होईन. घरामांगं परसात, वांग्याच्या पल्याड टोब. जुन्या गुंड्यातली कमी उगवीन. जे उगवीन ते आपलं.

वामन्या पुन्यांदा खामगावाले जाऊन आला. म्या त्याले शिवी देल्ली नाही. जेवाले वाढलं, अन् तुहं माघातलं पत्र त्याच्या ताटाजवळ ठेवलं. म्हटलं, "वाच."

म्हने, "काकू, जेवू तं द्या."

म्हटलं, "वाच बाप्पा, तुले सवय हाये. आज बुवा बाजूले बसले हायेत, चुकशीन तं सांगतीन."

चार ओळी वाचल्या, घास तोंडातच राहिला. मंग म्हने, "तुमच्या भल्यासाठीच केलं, काकू."

म्हटलं, "मह्या भल्याचं मले इचारत जाय. अन् तुकड्यात यंदा ज्वारी पेरीन मी. जरी बी नाही अन् तुहा शेठ बी नाही."

काटे नत्थुजीजवळ धाडले. चारच हायेत, मोजू मोजू बोंबलू नको. पाचवा मह्याजवळ ठेवला. पाच काट्याबिगर टाच वळत नाही. टाच वळवाची असन तं इकडं ये. अन् येशीन तं पाटी घेऊन ये. मले दोनशे टाके ध्यानात राहतेत, त अक्षरं काहून नाही राहतीन?

पार्बताबाई

---

अमरावती,
मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १७८७

राजमान्य राजेश्री वामनराव यांस,

आपल्या फाल्गुनातल्या पत्राचे उत्तर द्यावयास नऊ महिने लागले, याची क्षमा असावी. उत्तर उगवावयास वेळ लागला.

नऊ गुंड्यांतून एकशे ऐंशीच्या वर सरक्या निघाल्या. काही जुन्या होऊन पोकळ झाल्या होत्या, काही मुंग्यांनी नेल्या. परसात वांग्यांच्या पल्याड एकसष्ट झाडे उभी राहिली. त्यांची बोंडे मी स्वतः वेचली, सरकी हातांनी काढली, सूत आत्याबाईंनी कातले. आश्विनापासून दोन महिने त्या येथे होत्या. बाबांच्या मोज्याच्या टाचेवर आता एकही गाठ नाही.

दुसरी एक बातमी आपल्या उपयोगाची आहे. आत्याबाईंना आता स्वतःचे पत्र स्वतः वाचता येते. जोडाक्षराला अडतात, तेव्हा चिडतात, पण वाचतात. तेव्हा आपल्या वाचनाची गरज त्यांस उरलेली नाही.

समुद्रापलीकडची ती लढाई संपली, आणि आपल्या शेठचा माल कोणी विचारीत नाही, असे ऐकते. त्यावर मी काही लिहीत नाही.

नत्थुजीबरोबर आपणांसाठी सुताचा एक मोठा गुंडा पाठवीत आहे. या एवढ्या एका गुंड्यासाठी मी धागा कमालीचा बारीक कातला. लांबी अकोल्याच्या वेशीपासून आपल्या घरापर्यंत सहज भरेल. बनीची एक सरकीदेखील राहिलेली नाही, असल्यास शोधून दाखवावी, असे आपण लिहिले होते. शोधून ठेविली आहे. ती या गुंड्याच्या गाभ्यात आहे. कानाशी धरून हलवावा, ऐकू येईल. डोळ्यांनी पाहावयाची असल्यास सारे सूत उकलावे लागेल. हाताने उकलावे, बसून उकलावे, ओढाओढ करू नये; तुटल्यास दोष कापसाचा नसेल.

सरकी भाजलेली आहे. पेरण्याची तसदी घेऊ नये.

वच्छला